मीठ मागे ठेवून आलेला समुद्र

जव्हारच्या डोंगरातल्या जामसरला समुद्र पोचतो तो सुकटीच्या आणि बोंबलांच्या वासातून. जव्हारच्या बाजारात सुकी मासळी येते, घरात मीठ येतं आणि डहाणूची खाडी पाहून आलेलं कुणीतरी गोष्टी सांगतं. पण समुद्र इथे आणखी एका वाटेने येतो आणि ती वाट आपल्या डोक्यावरून जाते.

जूनमध्ये जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांना धडकणारे ढग अरबी समुद्रावरून आणि त्याही पलीकडच्या हिंदी महासागरावरून आलेले असतात. उन्हाने समुद्राचं पाणी उचललं, मीठ मात्र तिथेच राहिलं. आपल्या अंगणात कोसळतो तो मीठ मागे ठेवून आलेला समुद्र.

मग त्याला त्याचं मीठ परत दिलं तर? जामसरच्या एखाद्या घरात, काचेच्या टाकीत, समुद्र पुन्हा उभा राहील का?

राहील. त्याचा हिशोबसुद्धा मांडता येतो. अडीच फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घ्या. तिच्यात शंभर लिटरच्या आसपास पाणी मावतं. जव्हारच्या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर या टाकीएवढ्या जागेवरच साडेपाचशे लिटरहून जास्त पाणी पडतं, म्हणजे टाकी पाच वेळा भरेल इतकं. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हा शंभर लिटरला साडेतीन किलो मीठ लागेल.

मात्र ते स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. समुद्रात सोडियम आणि क्लोराइड सर्वात जास्त खरे, पण त्यांच्याबरोबर मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम हेही ठरलेल्या मापाने असतात. हे माप किती पक्कं आहे, ते १८८४ मध्ये विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून आणलेले ७७ नमुने त्याने तपासले. खारटपणा कुठे कमी, कुठे जास्त निघाला, पण क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास सगळीकडे तेच! म्हणून मत्स्यालयासाठी तयार मिळणारं समुद्री मीठ गोड्या पाण्यात विरघळवलं, की डोंगरातल्या खोलीतही महासागराचं पाणी बनतं.

एवढं करूनही ते नुसतं पाणीच असतं. त्यात लगेच मासा सोडला तर तो बहुधा मरेल आणि त्याचं कारण डोळ्यांना दिसणार नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो. समुद्रात आणि जमिनीत काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही माशाला घातक, नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. शेणखत घातलेल्या शेतात हेच काम चालतं. मातीतले असेच जिवाणू खतातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात आणि ते पिकाच्या मुळांना मिळतं. नागलीच्या शेताला जे जगवतं, तेच काचेच्या टाकीतल्या माशालाही तारतं.

या कामगारांना वस्ती करायला वेळ लागतो. टाकीत वाळू आणि सच्छिद्र दगड रचायचे, पंपाने पाणी खेळतं ठेवायचं, जिवाणूंना खाद्य म्हणून थोडा अमोनिया द्यायचा आणि थांबायचं. सहसा चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीच्या थेंबांनी रोज पाहिलं, तर आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, शेवटी तेही शून्यावर येतं. बाहेरून टाकी रिकामीच दिसते. आत एक अदृश्य गाव वसलेलं असतं.

आता पहिला पाहुणा. नवख्यासाठी क्लाउनफिश चांगला, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला. त्याची पिल्लं उबवणी केंद्रांत वाढवता येतात. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशनने अशा शोभेच्या समुद्री माशांची पैदास केली आहे. समुद्रातून ओरबाडून आणलेल्या माशापेक्षा टाकीतच जन्मलेला मासा टाकीत अधिक रमतो. हा मासा सुरुवातीला नरच असतो. जोडीतली मादी गेली, की मोठा नर हळूहळू मादी होतो आणि अंडी घालू लागतो. प्रवाळ आणि समुद्रघोडे मात्र घरी आणायचे नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला प्रवाळही उचलून आणू नये. टाकीसाठी मातीचे भाजलेले सच्छिद्र दगड चालतात.

यानंतर रोज घडणारी गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ तिथेच राहतं. शंभरातलं दहा लिटर उडालं, तर उरलेल्या पाण्यात लिटरमागे ३५ ऐवजी सुमारे ३९ ग्रॅम क्षार होतात. म्हणून काचेवर खूण करून ठेवायची आणि पातळी खाली गेली, की गोडं पाणीच घालायचं, खारं नाही. उन्हाने समुद्रावरून उचलायचं, पावसाने परत द्यायचं, हा जो सगळ्या पृथ्वीचा व्यवहार, तो आता तुमच्या हातातल्या तांब्याने होतो.

हा तांब्या जव्हार-मोखाड्यात हलका नाही. इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात, आणि मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईच्या नळांना जातं. दादरच्या एखाद्या घरातला खारा समुद्रही बहुधा असाच डोंगरातल्या पावसात मीठ कालवून बनलेला असतो. म्हणून जामसरची टाकी मे महिन्यात भरू नये. आषाढात, पहिल्या सरींनी आभाळ धुऊन निघालं, की उघड्यावर स्वच्छ पिंपं मांडून पाऊस साठवावा, कोळशाच्या गाळणीतून काढावा आणि वर्षभर पुरवावा. कुणाच्या हंड्यातला एक थेंबही त्यासाठी कमी होता कामा नये. असा समुद्र घरापेक्षा आश्रमशाळेच्या व्हरांड्यात शोभेल. वीज गेली तरी हवा मिळावी म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप तेवढा जवळ ठेवावा.

समुद्रापासून दूर समुद्र जगवायची ही धडपड नवी नाही. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनच्या घरी आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतलं जाई. त्या मेहनतीवर ते प्रवाळ समुद्रापासून दूर जगले.

आषाढात व्हरांड्याबाहेर पाऊस कोसळत असेल आणि आत काचेमागे क्लाउनफिश पोहत असेल. काचेच्या दोन्ही बाजूंना पाणी एकच असेल. एका बाजूला नुकतंच आलेलं, दुसरीकडे आपलं मीठ परत मिळालेलं. काचेला नाक लावून बघणारं पोर बाहेर हात काढून पावसाची चव घेईल, गोड. मग टाकीत बुडवलेलं बोट चाखेल, खारं. त्या दोन चवींमधला सगळा प्रवास त्याला तिथेच उभ्याउभ्या कळेल.