साखरखेर्ड्याचे रणांगण

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा या गावी ११ ऑक्टोबर १७२४ रोजी जी लढाई झाली, तिची बीजे दिल्लीच्या दरबारात पेरली गेली होती. म्हणूनच राजकीय हिंसेच्या अभ्यासकाने तलवारींच्या आधी फर्माने आणि खलिते वाचावेत, असे मला मनापासून वाटते. वजिरी सोडून दक्षिणेत परतलेल्या निजामुल्मुल्काचा काटा काढावा, या हेतूने बादशहा महंमदशहाने हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यास दख्खनची सुभेदारी देऊ करून आतून चिथावले. निजामाने बाजीराव पेशव्यांचे साह्य मिळवले, मुबारिजखान रणात पडला, आणि विजेत्याने त्याचे मस्तक, बंडखोराचा बीमोड झाल्याच्या अभिनंदनासह, खुद्द बादशहाकडेच रवाना केले. ज्याने मसलत रचली त्यालाच मुबारकबादी देणारी ही मुत्सद्देगिरी किती निष्ठुर! आणि ती सफलही झाली, कारण पुढच्याच वर्षी बादशहाने निजामास आसफजाह हा किताब देऊन दख्खनचा सुभा त्याच्याकडे कायम केला. विजयाची खूण म्हणून गावास फत्तेखेर्डा हे नाव मिळाले, तरी लोकांच्या जिभेवर साखरखेर्डा हेच टिकले. निजाम आणि बाजीराव मात्र १७२८ साली पालखेडला एकमेकांसमोर उभे ठाकले.