दोन बोटं खोल: पेरणी यंत्राविषयीचे काही गैरसमज

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गाजवळ, तुळजापूर तालुक्यातलं जळकोट. या पट्ट्यात खरीप म्हणजे आता मुख्यतः सोयाबीन, जोडीला तूर, उडीद, मूग. बैलाची तिफण मागे पडली आणि ट्रॅक्टरची पेरणी आली, तीही पुष्कळांची भाड्याची. यंत्रवाला एकराच्या भावाने पेरून पुढच्या शिवारात जातो. आठवड्याने उगवण बघायला तो थोडाच येणार? मग पीक विरळ दिसलं की दोष दोघांवरच जातो: पाऊस, नाहीतर बियाणं.

बियाण्यावरचा राग अगदीच निराधार नाही. २०१९ च्या परतीच्या पावसात काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं आणि २०२० च्या खरिपात मराठवाड्यात ‘उगवलंच नाही’ अशा तक्रारींचा ढीग लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पण तक्रारीआधी रान नीट पाहावं. सगळं शेत सारखंच विरळ असेल तर संशय बियाण्यावर किंवा ओलीवर घ्या. मधेच ठिगळं दिसत असतील तर ढेकळं किंवा साचलेलं पाणी. आणि दर चार ओळींत एक ओळच या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत विरळ असेल, तर चार फणांपैकी एक बिघडलेला आहे. पिशवीतलं बी ओळ निवडून रुसत नाही.

समज: खोल पडलेलं बी ओलीत राहतं, म्हणून जास्त सुरक्षित.

हरभऱ्याच्या बाबतीत यात तथ्य आहे. हरभरा, तूर यांची दलं जमिनीतच राहतात, वर येतो तो फक्त कोंब. सोयाबीन मात्र दोन्ही दलं डोक्यावर घेऊन, मान वाकवून माती फोडतं. भारी काळ्या रानात पेरणीनंतर जोराची सर आली आणि ऊन पडलं की वर खपली धरते. त्याखाली ही मान मोडते. म्हणून सोयाबीनला तीन ते चार सेंटीमीटर, म्हणजे आडवी दोन बोटं, एवढीच खोली. पाचाच्या पुढे धोका सुरू होतो. दोनपेक्षा उथळही नको, कारण तिथली माती दोन उन्हांत सुकते आणि फुगलेलं बी जागीच मरतं. त्या दोन बोटांत ओल टिकावी म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत थांबायला सांगतात. रब्बीत हरभऱ्यासाठी खोल लावलेलं यंत्र जूनमध्ये तसंच सोयाबीनच्या रानात घालणं ही घाईतली चूक आहे, आणि ती पेरताना दिसत नाही.

समज: खोली एकदा लावली की सगळे फण सारखेच चालतात.

आपल्याकडची बहुतेक यंत्रं एका ताठ चौकटीवर बांधलेली असतात. परदेशी मोठ्या यंत्रात प्रत्येक ओळीचा भाग जमिनीच्या चढउताराप्रमाणे सुटा वरखाली होतो. इथे एक फण वाकला, झिजला किंवा त्याचा क्लॅम्प सरकला तर तो तसाच चालत राहतो. तपासायला कारागीर लागत नाही. यंत्र सपाट फरशीवर टेकवा आणि प्रत्येक फाळाच्या टोकाखाली पाहा. एखादं टोक दीड सेंटीमीटर अधांतरी असेल तर साडेतीनचं माप त्या ओळीत दोनवर आलं. फाळ बदला, नट आवळा, पुन्हा टेकवून बघा.

मग यंत्राला ट्रॅक्टरशी वरच्या बाजूने जोडणारी टॉप लिंक. ती आखूड झाली की यंत्र नाकावर झुकतं, पुढचे फण खोल जातात, मागचे उथळ. लांब झाली तर उलट. चौकट बाजूने पाहिल्यावर जमिनीला समांतर दिसली पाहिजे, तीही चालू पेरणीत, उभ्या ट्रॅक्टरवर नव्हे. ट्रॅक्टरच्या चाकामागे येणारे फण हा आणखी एक छुपा घोळ: चाकाने माती दबते, म्हणून तिथे तेच माप उथळ पडतं. ते फण जरासे खाली घ्यावेत.

बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरीचं, यंत्र घेतलं की हे सगळं आपोआप जमतं, असंही मानतात. ही पद्धत काळ्या जमिनीसाठी ज्या इक्रिसॅटने घडवली, ती १९७२ साली स्थापन झालेली संस्था याच महामार्गावर, हैदराबादच्या अलीकडे पाटणचेरूला आहे. पद्धत चांगलीच आहे. पण तिचं काम जास्तीचं पाणी सरीतून काढणं आणि वरंब्यात ओल धरणं. बी किती खोल पडावं हे त्याही यंत्रात आपणच लावायचं असतं.

समज: एकरी तीस किलो बी पेटीत ओतलं की तीस किलोच पडतं.

हेक्टरी ७५ किलोच्या शिफारशीमागे हिशेब आहे. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर ७५ किलोत सव्वासहा लाख दाणे. ७० टक्के उगवण धरून रोपं होतात सुमारे ४ लाख ३७ हजार. ४५ बाय ५ सेंटीमीटर अंतरावर हेक्टरी साधारण तेवढीच लागतात. दाणा मोठा असेल किंवा उगवण कमी असेल तर हा आकडा बदलतो.

यंत्र तेवढं टाकतं का, हे घरीच कळतं. चार ओळी, ४५ सेंटीमीटर अंतर, म्हणजे रुंदी १.८ मीटर. जमिनीवरच्या चाकाचा व्यास ५० सेंटीमीटर असेल तर २० फेऱ्यांत ते सुमारे ३१ मीटर चालतं, क्षेत्र होतं ५६ चौरस मीटर. यंत्र उचलून तेवढे फेरे हाताने फिरवा आणि प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा. एकूण बी सुमारे ४२० ग्रॅम, नळीमागे १०५ ग्रॅम यायला हवं. एकूण वजन जुळलं आणि एकाच नळीत साठ निघालं, तर बी मोजून सोडणाऱ्या चकतीची खाच घासली आहे, नळीत माती अडकली आहे, किंवा जिवाणू खत लावलेलं बी सावलीत न वाळवताच पेटीत गेलं आहे. आणि चाकाला चिखल धरला की ते घसरतं, चकती थांबते, यंत्र मात्र पुढे जात राहतं.

समज: वेग वाढवला तर फक्त वेळ वाचतो.

वेग वाढला की खाचा रिकाम्या जातात, दाणे नळीत आपटतात, फण उड्या मारतो. तीन ते पाच किलोमीटर ताशी बस. पाऊस दाटून आल्यावर हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे, पण निदान पहिल्या दहा मीटरवर उतरून प्रत्येक ओळ बोटाने उकरा आणि बी कुठे आहे ते पट्टीने मोजा. भाड्याच्या यंत्रवाल्यालाही हे सांगायचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे.

समज: हंगाम संपला की यंत्राचं काम संपलं.

खताची पेटी रिकामी न करता यंत्र शेडला लावलं तर खत हवेतली ओल ओढून दगड होतं आणि आतले रोलर गंजवतं. पेरणी संपली त्याच दिवशी पेट्या झाडा, धुवा, वाळवा. नळ्या काढून ठेवा, नाहीतर उंदीर घर करतात. चकत्या उन्हात तापून वाकतात, त्या घरात सपाट ठेवा. फाळांना आणि साखळीला जुन्या ऑइलचा हात द्या. आणि झिजलेले फाळ मे महिन्यातच बदलून घ्या. मृगात दुकानात गर्दी असते आणि हवं ते माप मिळेलच असं नाही.