पिशवीतला बाउरॉन

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की शहर दिसायच्या आधी त्याचा वास येतो. वारा त्या बाजूचा असला तर भाजलेल्या बार्लीचा. खमंगपणाच्या जरा पुढे गेलेल्या भाजणीसारखा. स्टेशनाच्या जवळच गिनेस बिअरचा कारखाना आहे. आर्थर गिनेसने १७५९ मध्ये ही जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने ९,००० वर्षांसाठी घेतली. अकरा महिन्यांच्या करारावर खोल्या बदलत वाढलेल्या माझ्यासारखीला हा आकडा दोनदा वाचावा लागला.

मी लिमरिकला सांख्यिकी शिकते. शनिवार-रविवारची सुट्टी आणि परतीचं स्वस्त तिकीट, एवढ्या भांडवलावर आले होते. पण या कारखान्याशी माझं जुनं वैर आहे. बी.एस्सी.ला जिने छळलं ती ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ इथलीच. विल्यम गॉसेट १८९९ मध्ये गिनेसमध्ये नोकरीला लागला. बार्लीचे, हॉप्सचे मोजकेच नमुने हाताशी असताना त्यावरून किती ठामपणे बोलावं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने संशोधन छापू देत नसे, म्हणून १९०८चा निबंध त्याने ‘स्टुडंट’ या नावाने छापला. ही विद्यार्थ्यांसाठी सोपी करून दिलेली टेस्ट असावी, असं मी वर्षभर समजत होते.

दुपार टेम्पल बार या भागात गेली. तिथल्या एका पबात माइक लावून गिटारवाला गात होता, प्रेक्षक मोबाइल उंच धरून उभे होते, आणि बिल बघून मी पुढची ऑर्डर दिली नाही. हॉस्टेलच्या काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘गाणं ऐकायचंय ना? मग नदी ओलांड आणि स्मिथफील्डला जा.’

स्मिथफील्डचा ‘कॉबलस्टोन’ बाहेरून अगदी साधा. आत शिरलं की दाराजवळच्या कोपऱ्यात बाकं, त्यांवर सात-आठ माणसं आणि मधल्या टेबलावर पेल्यांची गर्दी. ना स्टेज, ना माइक. दोन फिडल, एक बासरी, एक कॉन्सर्टिना, कोपराखालच्या भात्याने हवा भरायचे इलन पाइप्स आणि एक बाउरॉन, म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेला, आखूड काठीने वाजवायचा डफ. सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे. आमच्याकडे निम्म्यांची पाठच. याला इथे ‘सेशन’ म्हणतात.

काउंटरवर मी एक पाइंट मागवला. बारमनने पेला तिरका धरून पाऊण भरला आणि बाजूला ठेवून दिला. शेजारी तसेच चार पेले आपापल्या टप्प्यावर उभे होते. गिनेसमध्ये नायट्रोजन असतो, त्यामुळे बुडबुडे फार बारीक. पेला वर रुंद, खाली निमुळता. मधले बुडबुडे वर जाताना बिअर सोबत नेतात आणि ती कडेने खाली येते. आपल्याला दिसते ती कड, म्हणून बुडबुडे बुडतायत असं वाटतं. तपकिरी ढग हळूहळू काळा झाला, तेव्हा बारमनने उरलेला पेला भरला. कंपनीच्या हिशेबाने या सगळ्याला ११९.५ सेकंद लागायला हवेत. घाई करणाऱ्याला इथे अडाणी समजतात.

तेवढ्या वेळात कोपऱ्यात एक धून संपत आली होती. मी पेरांवर मोजायला लागले. आठ मापांचा पहिला भाग दोनदा, मग आठ मापांचा दुसरा भाग दोनदा, झाली बत्तीस. असं तीनदा. मग थोरल्या फिडलवाल्या बाईंनी मान वर केली, कुणीतरी ‘हप्!’ म्हणालं आणि श्वासही न घेता सगळे दुसऱ्या धुनेत. तिथून तिसरीत. पुढे काय वाजवायचं, हे कुणी कुणाला सांगितलेलं दिसलं नाही. ज्याला धून येत नव्हती त्याने वाद्य मांडीवर ठेवलं आणि ऐकत बसला. त्यात त्याला काही ओशाळं वाटल्याचंही दिसलं नाही. आजोबांच्या भजनात नवखा टाळकरी असाच चार अभंग नुसता बसून काढायचा.

माझ्या शेजारी एक विशीतला मुलगा बसला होता. मांडीवर गोल, काळी पिशवी. तासभर त्याने ती उघडली नाही. शेवटी मी विचारलंच.

‘यात काय आहे?’

‘बाउरॉन.’

‘मग वाजवत का नाहीस?’

‘एक चालू आहे ना.’ त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. ‘दोन झाले की धून ऐकू येत नाही, आम्हीच ऐकू येतो.’

त्याच्याकडूनच कळलं की अशा बऱ्याच सेशनांत दोघा-तिघांना पब मानधन देतो. ते वेळेवर येऊन धुनांचा धागा धरून ठेवतात. बाकीचे येतात ते आपल्या हौसेने. तो दर आठवड्याला येतो. एखाद्या रात्री पिशवी तशीच घरी जाते.

मधेच एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे मिटून, कुठल्याही वाद्याच्या साथीशिवाय गायला सुरुवात केली. काउंटरवरून ‘श्शू’ आलं आणि सगळा पब गप्प झाला. बारमनने नळाकडे नेलेला हातही मागे घेतला. गाणं आयरिश भाषेत होतं. मला एक शब्द कळला नाही. कडवं संपलं की कुणीतरी हळूच दाद द्यायचं. समेवर ‘वा’ निघते, तशीच.

हा कोपरा जाता जाता राहिला आहे. इथे हॉटेल बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये वादक आणि त्यांचे चाहते प्रतीकात्मक शवपेटी घेऊन रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरमध्ये महापालिकेने परवानगी नाकारली. पबची खोली तशी राखायची योजना होती, असं वाचलं तर वाटतं, मग बिघडलं काय असतं? कोपऱ्यात तीन तास बसल्यावर कळतं. जिथे पिशवी न उघडता बसलेल्या मुलाला कुणी उठवत नाही, अशी जागा नकाशावर दाखवता येत नाही.

साडेदहाच्या सुमारास बाउरॉनवाले काका सिगारेट ओढायला उठले. पबात धूम्रपानाला २००४ पासून बंदी आहे, त्यामुळे बाहेर जावंच लागतं. जाताना त्यांनी मुलाकडे बघून भुवई उचलली. एवढंच. मुलाने चेन उघडली, बाकावर जाऊन बसला आणि आधी एक पूर्ण फेरा नुसताच ऐकला. मग कातड्याच्या आत डावा तळवा टेकवून इतकं हलकं वाजवायला लागला की तो वाजवतोय हे मला काठीकडे बघून कळलं. धुनांचे दोन संच झाले. काका परत आले, तो उठला.

‘दहा मिनिटंच मिळाली,’ मी म्हटलं.

‘बाहेर पाऊस आहे,’ तो म्हणाला. ‘नाहीतर अजून मिळाली असती.’

रविवारच्या गाडीत मी गुडघ्यावर बत्तीस मापं धरायचा प्रयत्न केला. दुसरा भाग दुसऱ्यांदा सुरू झाला की दर वेळी चुकत होते. एका पबातली एक रात्र, म्हणजे नमुना एकाचा. त्यावर टी-टेस्टही चालत नाही. गॉसेटलासुद्धा निदान दोन तरी लागतात. गाडी लिमरिकला पोचायच्या आत मी पुढच्या शनिवारचं तिकीट बघून ठेवलं.