अण्णांचा पेनड्राइव्ह

सकाळी 7:50

नाशिकच्या एक्सलो पॉइंटला शेअर रिक्षा रिकाम्या होतायत. पहिल्या शिफ्टवाले केव्हाच आत गेले, आता जनरलवाल्यांची गर्दी. अण्णांची ॲक्टिव्हा उत्तमनगरहून येते. पाय ठेवायच्या जागेत टूलबॅग, डिकीत डबा आणि लॅपटॉप. बॅग अकरा किलोची आहे. भंगारवाल्याच्या काट्यावर एकदा टाकून बघितली होती म्हणे.

अण्णा आयटीआयचे इलेक्ट्रिशियन. वीस वर्षं मेंटेनन्सला काढली, कंपनी बंद पडली, तेव्हापासून हा स्वतःचा धंदा: कंट्रोलर मेलेल्या सीएनसी मशीन पुन्हा चालत्या करायच्या. नाव छापू नका म्हणाले. अंबड-सातपूरला त्यांना सगळे अण्णाच म्हणतात.

8:10

गाळा लहानच. दोन साधे लेथ, एक ग्राइंडर आणि कोपऱ्यात नव्वदच्या दशकातलं दोन ॲक्सिसचं सीएनसी लेथ. त्याचं बीड ठणठणीत, बॉलस्क्रू ठीक. कंट्रोलरचं कार्ड जळालं आणि सुटे भाग मिळायचे बंद झालेले. नव्या कंट्रोलरचं कोटेशन चार लाखांच्या वर गेलं. गाळ्याचे शेठ म्हणाले, तेवढ्यात दुसरं जुनं मशीन येईल.

अण्णांनी एक लाख पासष्ट हजार सांगितले. दोन सर्व्हो मोटरी आणि ड्राइव्ह सत्तर हजार. अमेरिकेतून मागवलेलं इंटरफेस कार्ड कस्टमसकट अठ्ठावीस. सेकंडहँड पीसी साडेसहा, स्क्रीन तीन. पॅनेल, कंटॅक्टर, केबल, एन्कोडर मिळून बावीस. उरलेले साडेपस्तीस हजार अण्णांची मजुरी, आठ-दहा दिवसांची. त्यातून हेल्परला रोजचे सहाशे.

कोटेशनमध्ये आणखी एक ओळ आहे. सॉफ्टवेअर: 0.

9:05

पॅनेलची वायरिंग कालच संपली. आज पहिलं काम पीसी तपासायचं. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि मशीन चालवणारा लिनक्ससीएनसी हा प्रोग्राम आहे. मशीन चालवताना कॉम्प्युटर ठरल्या क्षणी जागा पाहिजे, ठराविक मर्यादेपलीकडे उशीर चालत नाही. तो उशीर मोजायचा एक छोटा प्रोग्राम सोबतच येतो. अण्णा तो सुरू करतात आणि मग मुद्दाम पीसीला छळतात. खिडक्या उघडतात, ओढतात, मोठ्या फाइली कॉपी करतात, वर अभंग लावतात. आकडा नॅनोसेकंदांत वाढत जातो. बारा हजार, एकोणीस हजार, मग अडतीस हजारांवर थांबतो.

“पास,” अण्णा म्हणतात. “कार्ड नसतं, पीसीनेच पल्स द्यायचे असते, तर जरा विचार करावा लागला असता.”

पीसी कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेला. मागच्या बाजूला मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर अजून आहे.

10:30

चहा. कटिंग दहा रुपये, पैसे शेठ देतात. ग्लास हातात आला की शेठ विचारतात. अण्णांच्या मते हा प्रश्न प्रत्येक गाळ्यात ठरलेला.

“अण्णा, प्रोग्राम फुकटचा आहे ना? मग साडेपस्तीस हजार कशाचे?”

“प्रोग्रामचे नाहीतच. वायर ओढल्याचे.”

“मी स्वतः उतरवून घेतला असता तर?”

“घ्या की. कोणी अडवलंय?”

शेठ हसतात. एन्कोडरची केबल अजून लोंबतेय, तिच्याकडे बघतात आणि चहा संपवतात.

11:15

ती केबल. स्पिंडल किती फिरला हे एन्कोडर सांगतो. एका फेऱ्यात हजारावर पल्स, आणि फेरा पुरा झाला की एक वेगळी खूण, इंडेक्स. थ्रेड कापायचा तर ही खूण हवीच. नाहीतर टूल दर खेपेला वेगळ्या जागी शिरेल आणि आटे फाटतील.

अण्णा केबलचं वरचं आवरण ब्लेडने गोल कापतात. आतली जाळी मागे ओढून पिळतात. आठ बारीक तारा निघतात. प्रत्येक तार सात-आठ मिलिमीटर सोलायची, फेरूल घालायची, क्रिम्पिंग टूलने दाबायची, हिसका देऊन बघायची. एक फेरूल हातात येतं. ते फेकून दुसरं. फेरूल रुपयाला एक पडतं. पण सैल राहिलं तर रात्रपाळीला फोन येतो.

जाळी एकाच टोकाला अर्थ करायची, दोन्हीकडे नाही. हेल्पर दुसऱ्या टोकालाही करायला जातो. अण्णा नुसता हात वर करतात. पोरगा थांबतो.

12:40 ला स्पिंडल हाताने फिरवून स्क्रीनवर आकडे मोजतात. मग उलटा. बरोबर येतंय.

1:10

डबा. बाजरीची भाकरी, मेथी, ठेचा. ऑपरेटर खानदेशातला, तोही येऊन बसतो. त्याला आठ तासांचे साडेपाचशे, ओव्हरटाइम धरून महिन्याला सतरा-अठरा हजार पडतात. मशीन बंद असल्याने सध्या ओव्हरटाइम नाही. अण्णांच्या कामाची त्याला शेठपेक्षा जास्त घाई आहे.

जेवता जेवता अण्णा लॅपटॉपवर एक फाइल उघडून दाखवतात. डेबियन असलेल्या पीसीत नेहमीची लायसन्सं एका फोल्डरात ठेवलेली असतात. ही जीपीएल या लायसन्सची दुसरी आवृत्ती, जून 1991 ची. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केलेल्या चळवळीतून आलेली. साधारण साडेतीनशे ओळी. अण्णांचं इंग्रजी बेताचं, पण या ओळी त्यांनी मुलीकडून समजून घेतल्यात. लिनक्स मात्र स्वतःच शिकले, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले व्हिडिओ रात्री बघून.

त्यांचा हिशोब असा. चालवायला परवानगी मागायची गरज नाही. जशीच्या तशी कॉपी द्या, पण लिहिणाऱ्याचं नाव आणि लायसन्सचा कागद सोबत गेला पाहिजे. कॉपी करून देण्याचे पैसे घ्या. गॅरंटी द्यायची तर तिचेही घ्या, कारण मूळ लिहिणारे कसलीच गॅरंटी देत नाहीत, ते मोठ्या अक्षरांत लिहिलंय. बदल केला तर कोणी, कधी केला ते फाइलवर टाका. आणि ज्याला प्रोग्राम दिला त्याच्यावर आपल्या पदरच्या अटी लादू नका.

गंमत म्हणजे खुद्द लायसन्सचा कागद बदलायला मनाई आहे. त्याच्या कॉपी कितीही काढा.

हा सीएनसीचा प्रोग्राम मुळात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मोजमाप संस्थेत नव्वदच्या दशकात तयार झाला. सरकारी काम, म्हणून कॉपीराइटच नव्हता. पुढे तो हौशी लोकांनी हातात घेतला, वाढवला आणि जीपीएलखाली आणला. आधी नाव होतं ईएमसी. त्याच नावाची एक मोठी कंपनी होती, म्हणून 2012 पासून लिनक्ससीएनसी. अण्णांना यातलं फार कौतुक नाही. “चालतं का ते बघायचं,” म्हणतात आणि हात धुवायला उठतात.

2:40

आता तेलपंप. स्लाइडला दर वीस मिनिटांनी दहा सेकंद तेल गेलं पाहिजे, तेही मशीन चालू असतानाच. टाकीतलं तेल खाली गेलं तर पुढचं सायकल सुरू होऊ द्यायचं नाही. यासाठी अण्णांकडे एक छोटी फाइल आहे, सी भाषेतली, शंभर ओळींच्या आत. मूळ कुणा दुसऱ्याची. त्याचं नाव सगळ्यात वर तसंच आहे. त्याखाली अण्णांचं नाव, तारीख आणि काय बदललं ते: टाकीचा फ्लोट स्विच जोडला. त्याखाली आणखी एक ओळ, लायसन्स जीपीएल.

आजचा बदल किरकोळ. या मशीनचा फ्लोट स्विच उलटा आहे, तेल असताना उघडा राहतो. एक चिन्ह बदलायचं. अण्णा बदलतात, खाली आजची तारीख टाकतात, कंपाइल करतात. पाव मिनिटात होतं.

मग संदेश. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी यायचं आणि ऑपरेटर ते बंद करून पुढे जायचा. आता तिथे येतं: ‘तेल कमी आहे. टाकी भरा.’ ऑपरेटर फ्लोट हाताने खाली दाबून दोनदा करून बघतो. तिसऱ्यांदा शेठला बोलावून दाखवतो.

4:00

खरी परीक्षा थ्रेडची. ऑपरेटर जुना प्रोग्राम आणतो. त्याच्या जुन्या कंट्रोलरवर थ्रेड कापायचा जी 76 कोड दोन ओळींत लिहायचा. लिनक्ससीएनसीला तो एकाच ओळीत हवा, अक्षरंही वेगळी. मशीन पहिल्याच ओळीला अडतं.

ऑपरेटरचा चेहरा पडतो. “भाऊ, असे चाळीस प्रोग्राम आहेत माझे.”

अण्णा स्टूल ओढतात. पिच इथे, शेवट इथे, पहिल्या कापाची खोली इथे, पूर्ण खोली इथे. पहिला प्रोग्राम स्वतः बदलतात, दुसरा त्याच्याकडून करून घेतात. तिसऱ्याला तो अण्णांकडे बघतही नाही.

4:35 ला बारवर पहिला काप. कुलंट पांढरा उसळतो. टूल जातं, मागे येतं, पुन्हा जातं. प्रत्येक खेपेला त्याच आट्यात. गेज लावतात, गो बाजू जात नाही. ऑफसेट पाच शतांश. पुन्हा काप. या वेळी गो जाते, नोगो अडते. ऑपरेटर तुकडा फडक्याने पुसून खिशात टाकतो. का, ते कोणी विचारत नाही.

5:30

शेठ आता खुशीत आहेत, म्हणून मुद्द्यावर येतात.

“अण्णा, याला पासवर्ड मारा. शेजारच्या गाळ्यातला माणूस येऊन अख्खं कॉपी करून नेईल.”

“तुम्ही देऊ नका. द्यायची सक्ती नाही. तुमच्या गाळ्यात वापरा, बदला, कोणाला दाखवू नका. चालतं.”

“मग लॉक करा ना.”

“पीसीला पासवर्ड तुम्ही टाका, तुमचं कुलूप आहे. पण तो पासवर्ड माझ्याकडे ठेवून तुम्हालाच बाहेर ठेवायचं, ते मी करत नाही. उद्या तुम्हाला दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं असलं तर?”

शेठ गप्प. हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. एमआयडीसीत डोंगल लावून, पासवर्ड स्वतःकडे ठेवून वर्षाचं मेंटेनन्स वसूल करणारे कमी नाहीत. अण्णांना त्याबद्दल विचारलं तर नावं घेत नाहीत. मला स्वतःला ही धंद्याची युक्ती कमी आणि दरोडा जास्त वाटतो.

“आणि माझे जॉबचे प्रोग्राम? मापं कस्टमरची आहेत.”

“ते तुमचेच. लायसन्सचा त्यांच्याशी संबंध नाही. ते मात्र नीट सांभाळा.”

शेठना खरी काळजी त्याचीच होती. आवाज खाली येतो.

6:50

हिशोब. ॲडव्हान्स एक लाख दहा हजार आधीच मिळालेत. आज चाळीस, उरलेले पंधरा महिनाभर मशीन चाललं की. अण्णा सहा महिन्यांची गॅरंटी लिहून देतात, वायरिंग आणि जोडणीची. ही गॅरंटी त्यांची स्वतःची, स्वतःच्या सहीची.

मग बॅगेतून पेनड्राइव्ह निघतो. 64 जीबी, साडेचारशेला घेतलेला, बिलात धरलेला नाही. यात मशीनच्या सेटिंगच्या फाइली, तेलपंपाची फाइल, पीसीवर बसवलेल्या सगळ्या प्रोग्रामांचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणि लायसन्स. प्रोग्राम दिला की सोर्सही द्यावा लागतो. त्याला नियमात दुसरीही वाट आहे: सोर्स सोबत न देता, निदान 3 वर्षं जो मागेल त्याला देईन असं लिहून द्यायचं. अण्णांना ती पटत नाही. “तीन वर्षं कोण सांभाळत बसणार? आत्ताच घ्या आणि मला मोकळं करा.”

शेठ पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकतात, चलनांच्या पुस्तकाखाली. उघडतील असं वाटत नाही. अण्णा पावतीवर एक ओळ लिहितात, सोर्स दिला, आणि खाली शेठची सही घेतात.

7:25

ॲक्टिव्हा गाळ्याबाहेर काढताना फोन वाजतो. सातपूरहून. आवाज अनोळखी. त्यांच्याकडेही लिनक्सवरचं मशीन आहे, दुसऱ्या कोणी बसवलेलं. तेलपंप मधेच बंद पडतो. फाइल उघडून बघितली तर वर अण्णांचं नाव, तारीख. नाव विचारत विचारत नंबर मिळवला.

अण्णा दोन प्रश्न विचारतात. फ्लोटची तार कुठून गेलीय, स्पिंडलच्या केबलसोबत बांधलीय का. बांधलेली आहे.

“उद्या दहाला येतो,” अण्णा म्हणतात. “व्हिजिटचे आठशे. तार लागली तर तिचे वेगळे. फाइलचे काही नाहीत.”