किल्ल्यावरच्या चित्रांचा व्यवसाय: कमाई मावळ्यांत की महाराजांच्या छावणीत?



दिवाळीच्या आठ दिवस आधी कात्रजच्या सुखसागरनगर, संतोषनगर भागात चक्कर मारा. पार्किंगच्या कोपऱ्यात मुलं माती कालवत असतात. किल्ला उभा राहतो, अळीव पेरलं जातं आणि मग आई-बाबांना ओढत चित्रं आणायला निघतात. सिंहासनावरचे महाराज, मावळे, तोफा, गवळण. ही चित्रं घरी रंगवून विकायचा व्यवसाय थोड्या भांडवलात सुरू होतो. पण बरेच जण पहिल्याच सीझनला दमतात, कारण ते नगावर भाव लावतात.

आकडे धरून बघू. हे मी समजावण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. एका सेटमध्ये 30 मावळे, 3 मुख्य चित्रं (महाराज, झेंडा धरणारा, शिंग फुंकणारा), छावणीतली 2 माणसं आणि 3 राहुट्या. मावळे रांगेत ठेवून रंगवले तर एकाला 10 मिनिटं, म्हणजे 5 तास. मुख्य चित्रांना दीड-दीड तास, म्हणजे साडेचार. छावणीला 4. झाले साडेतेरा तास. तासाला 120 रुपये धरा: 1,620. कच्ची चित्रं 12 रुपयांनी 35 नग: 420. रंग, व्हार्निश, पुठ्ठा, खोका: 280. एकूण खर्च 2,320 रुपये. आता "40 रुपयाला एक" असा भाव लावलात तर हातात येतात 1,400. म्हणजे 920 रुपये घालून तुम्ही दुसऱ्याचा किल्ला सजवला!

आता मावळे 30 चे 12 करा. खर्च 576 रुपयांनी खाली येतो. जास्तीचे मावळे डझनावारी वेगळे विका, ज्याला हवेत तो घेईल. पण महाराज, झेंडा आणि छावणी यांच्या वेळेत कपात करू नका. गिऱ्हाईक खोका उघडतं तेव्हा नजर आधी महाराजांच्या चेहऱ्यावर जाते, मग झेंड्यावर. चौदाव्या मावळ्याच्या कमरबंदावर रात्री दोनपर्यंत बारीक रेघ मारणारे खूप भेटतात. ती रेघ फक्त त्यांनाच दिसते.

मुख्य चित्रांत काय घालायचं?

इथे थोडा अभ्यास लागतो, आणि तोच तुमचा भाव वाढवतो. 6 जून 1674 च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या टोकांवर लावलेली राजचिन्हं त्याने लिहून ठेवलीत: सोनेरी मोठ्या दातांची माशांची डोकी, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाची खूण म्हणून सोन्याचा तराजू. बांबूची काडी, थोडी तार आणि सोनेरी रंग, एवढ्यात हे होतं.

छावणीसाठी सभासदाची बखर बघा. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, असं तिथे आहे. पाण्याची पखाल घेतलेला एक आणि घोड्याला नाल ठोकणारा एक, ही दोन चित्रं ठेवली की नुसत्या तीन राहुट्यांची छावणी होते. त्याच बखरीत लष्करात बायका, कलावंतिणी नसाव्यात असाही नियम आहे. म्हणून शिवकाळाच्या छावणीत गवळण बसवू नका, तिची जागा गडाच्या वाटेवर. मावळ्यांना पुणेरी पगडी तर नकोच. सरसकट एका रंगाचे कपडेही नकोत. चार-पाच रंगांची मुंडाशी मिसळून टाका, जास्त वेळ लागत नाही.

कात्रजकरांकडे एक घरचा विषय आहे. एप्रिल 1663 मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटली आणि पाठलाग चुकवायला कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, ही आख्यायिका इथलं लहान मूलही सांगतं. सहा बैल, घाटाचा एक तुकडा, पायथ्याशी फसलेले चार मोगल. "कात्रज घाट" नावाने हा सेट काढायला कुणाची हरकत?

रंगाचं थोडं

प्लास्टरचं चित्र रंग पितं, म्हणून आधी पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात द्या. भगवा आणि पिवळा रंग काळ्या अस्तरावर मरतो, तिथे पांढरं अस्तर घ्या. राहुटीला मळकट पांढरा, त्यावर तपकिरी पाणी सोडून घड्यांत बसू द्या. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग घासा. भर पावसात व्हार्निश मारू नका, दमट हवेत ते पांढुरकं होतं.

दिवाळीची विक्री पंधरा दिवसांची आणि पैसा मात्र जुलैपासून अडकलेला. वर्षभराचं दुसरं गिऱ्हाईक आहे, पण परदेशात. तिकडे टेबलावर छोट्या सैन्यांनी जुन्या लढाया खेळायचा छंद आहे, लेखक एच. जी. वेल्सने 1913 मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. हे लोक 28 किंवा 15 मिलिमीटरचे सैनिक घेतात आणि वेळ नसला की रंगवून घेतात. श्रीलंकेतून ही सेवा पुरवली जाते. त्यांनाही सेनापती, निशाण, वाद्यवाला आणि छावणी लागतेच, कारण काही खेळांत छावणी गेली की हार जवळ येते. कुणी 1803 ची असईची लढाई मांडत असेल तर शिंद्यांच्या कवायती पलटणी हव्यात, तिथे शिवकाळचे मावळे चालत नाहीत. ऑर्डर घेतानाच साल विचारा.

माल बाहेर पाठवायचा तर आयईसी नंबर काढावा लागतो. थ्री-डी प्रिंटची फाइल विकत घेतली तर विक्रीचा परवाना त्यात आहे का ते वाचा. बऱ्याच फायली फक्त स्वतःच्या वापरासाठी असतात.

या वर्षी उतरायचं असेल तर गणपतीच्या आधी एकच पूर्ण सेट तयार करा. खिडकीच्या उजेडात फोटो काढा, सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि निम्मी रक्कम आगाऊ घेऊन दसऱ्यापर्यंतच ऑर्डर घ्या. प्रत्येक चित्राला लागलेली मिनिटं वहीत लिहा, पुढच्या वर्षीचा भाव त्या वहीतूनच काढायचा आहे.