शाळेला निरोप देताना

छोटी शाळा बंद पडते तेव्हा गाव नेमके काय गमावतो, हे गोव्यातील चर्चला जोडलेल्या जुन्या पारोकियाल शाळांवरून ध्यानी येते. मेस्त्री हा या शाळांचा प्राण. अक्षरओळखीबरोबर तो मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवी. तीच मुले चर्चच्या उपासनेत गात. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याचे वादक मोठ्या संख्येने दिसले, ते या परंपरेमुळेच. संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे माजोर्डा येथील चर्चच्या गायकवृंदप्रमुखाचे पुत्र. पहिले धडे त्यांनी वडिलांकडेच घेतले.

पुढे सरकारी शाळा वाढल्या, माणसे पोटासाठी परगावी गेली आणि अशा कित्येक शाळा ओस पडल्या. अक्षरे अन्यत्र शिकता आली. परंतु गावातच सूर शिकविणारा मेस्त्री दुर्मीळ झाला.

म्हणून अशी शाळा बंद होत असेल, तर निरोपाची भाषणे थोडी कमी व्हावीत. त्याआधी तिचे हजेरीपट आणि मेस्त्रींनी हाताने उतरून घेतलेल्या, उपवासकाळात गावयाच्या मोतेतांच्या वह्या सुरक्षित स्थळी पोचवाव्यात. भिंती पुन्हा उभारता येतात; त्या वह्यांची दुसरी प्रत बहुधा नसते.