‘नाही’ म्हणणारी सुईण शोधा

अ‍ॅम्स्टेल्वेन, आइंडहोव्हन किंवा हेगला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मुलीला दिवस गेले की माहेरचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टर कोण?’ उत्तर ऐकून आई धास्तावते, कारण डॉक्टर नसतोच. नेदरलँड्समध्ये गरोदरपण सुरळीत असेल तर तपासण्यांपासून बाळंतपणापर्यंत सगळं मिडवाइफ, म्हणजे सुईण बघते. स्त्रीरोगतज्ज्ञाची गाठही न पडता अनेकजणी बाळंत होतात. वर ही बाई सहज विचारते, ‘घरी की दवाखान्यात?’

श्रीमंत, दवाखान्यांनी भरलेल्या देशात हा प्रश्न उरलाच कसा? 1865च्या कायद्याने तिथे सुईणीचं काम स्वतंत्र व्यवसाय म्हणून आखून दिलं. 1941 साली आरोग्य विम्यानेही नियम केला, की गावात सुईण असेल तर साध्या बाळंतपणाचे पैसे तिलाच मिळतील, डॉक्टरला नाही. त्यामुळे बाकीचा युरोप दवाखान्यात गेला तरी डच बायका बराच काळ घरीच राहिल्या. 1960च्या दशकातही निम्म्याहून कितीतरी अधिक बाळं घरी जन्मत. आता ते प्रमाण साधारण 15 टक्क्यांवर आलं आहे.

तिथली सुईण पदवीधर असते. चार वर्षांचं शिक्षण, सरकारी नोंदवहीत नाव आणि ते नाव कुणालाही इंटरनेटवर तपासता येतं. निवड सुरू करावी ती इथून. बहुतेक सुइणी तीन-चार जणींचा गट करून काम करतात, त्यामुळे तपासणीला जी हसून बोलली तीच रात्री दोनला दारात उभी असेल असं नाही. एकाच बाईचा हात हवा असेल तर एक-दोघींचे छोटे गट शोधावे लागतात, आणि त्यांच्याकडे जागा लवकर भरतात.

मैत्रिणी सांगतात ते स्वभावाबद्दल: ‘गोड आहे गं’, ‘समजून घेते’. स्वभाव महत्त्वाचा आहेच, कळा सोसताना तुसडं माणूस समोर नको. पण पहिल्या भेटीत विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे: मला दवाखान्यात कधी नेशील? चांगल्या सुईणीचं उत्तर तयार असतं. जुळं असेल, बाळ पायाळू असेल, आधी सिझेरियन झालं असेल, रक्तदाब चढला असेल तर घराचा विषयच नाही. 37 आठवड्यांच्या आत किंवा 42 नंतर नाही. कळा सुरू झाल्यावर गर्भजल हिरवट दिसलं, बाळाचे ठोके बिघडले, गाडी पुढे सरकेना, वार पडेना, रक्तस्राव थांबेना, की निघायचं. ‘बघू, निसर्गावर विश्वास ठेव’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठावं.

पुढचा प्रश्न: तुझ्याकडच्या पहिलटकरणींपैकी किती जणींना मध्येच हलवावं लागतं? आकडा मोठा आला तर दचकू नका, फारच लहान आला तर दचका. इंग्लंडमध्ये 2011 साली 64 हजारांहून अधिक कमी जोखमीच्या बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी 45 टक्क्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. आधी बाळंतपण झालेल्यांत हे प्रमाण 12 टक्के होतं. यातल्या बऱ्याच जणींना कळा रेंगाळल्या म्हणून हलवावं लागलं. वेदना थांबवणारं पाठीतलं इंजेक्शन हवं असेल तरीही जावंच लागतं, ते घरी मिळत नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. पहिलटकरणींत बाळ दगावण्याचं किंवा त्याला गंभीर इजा होण्याचं प्रमाण दवाखान्यात हजारी 5.3, तर घर निवडलेल्यांत 9.3 होतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला असा फरक दिसला नाही. नेदरलँड्समधल्या 5 लाखांहून अधिक बाळंतपणांच्या 2009च्या अभ्यासातही घर आणि दवाखाना यांत फरक आढळला नाही, पण संशोधकांनी अट घातली: सुईण नीट शिकलेली हवी आणि वेळेला हलवण्याची सोय पक्की हवी. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला दवाखाना, दुसरीला हवं तर घर.

सुईणीची बॅगही उघडून दाखवायला सांगा. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, ऑक्सिजन, बाळाच्या तोंडावर बसेल एवढा मास्क आणि फुगा, टाक्यांचं सामान. न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचा सराव शेवटचा कधी केला हे विचारायला संकोच नको. दवाखान्यात नेल्यावर तू थांबशील की कागद सोपवून जाशील, हेही. सहसा तिथे सूत्रं दुसऱ्याच्या हाती जातात.

मग ती तुमचं घर बघते. पलंग लाकडी ठोकळ्यांवर चढवून सुमारे 80 सेंटीमीटर उंच करायचा, म्हणजे वाकून तिची कंबर मोडत नाही. बाळाच्या अंथरुणात ठेवायला गरम पाण्याच्या दोन धातूच्या बाटल्या. विमा कंपनीकडून आलेली पॅड आणि कापसाची पेटी पलंगाशेजारी. सगळ्यात बारकाईने ती जिना पाहते. अ‍ॅमस्टरडॅमचे जुने जिने इतके अरुंद आणि उभे, की वरच्या मजल्यावरून स्ट्रेचर उतरवणं दिव्यच. वरचा मजला असेल आणि लिफ्ट नसेल, तर ‘कसं उतरवणार?’ याचं उत्तर आधी हवं.

बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस घरी प्रशिक्षित मदतनीस येते. बाळ-बाळंतिणीचं ताप-वजन पाहते, पाजायला शिकवते, कपडेही धुते. नव्वद दिवसांच्या व्हिसावर डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या आजीचं आणि तिचं बाळाला किती गुंडाळायचं यावरून हमखास बिनसतं.

हे वाचून इथे कुणी घरच्या बाळंतपणाचा बेत करू नये. महाराष्ट्रात 2019 ते 21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. केंद्र सरकारने 2018 साली नर्सना दीड वर्ष शिकवून मिडवाइफ करण्याचं धोरण आणलं, तेही दवाखान्यांतल्या प्रसूतिकक्षांसाठी. घरी येणारी नोंदणीकृत सुईण, तिला ओळखणारा दवाखाना आणि ठरल्या वेळेत पोचणारी रुग्णवाहिका ही साखळी आपल्याकडे अजून जुळलेली नाही. समाजमाध्यमांवर ‘नैसर्गिक प्रसूती’ विकणाऱ्यांना या तिन्हींबद्दल विचारून पाहा.

नेदरलँड्समध्ये असाल तर सहाव्या ते आठव्या आठवड्यातच फोन करा. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. सुईणीचा खर्च मूलभूत विम्यात बसतो, रुग्णवाहिकेचं बिल मात्र विम्यात दरवर्षी स्वतः भरायच्या वाट्यातून जाऊ शकतं. तारीख जुलै-ऑगस्टच्या सुट्ट्यांत येत असेल तर मदतनीस बाईची नोंदणीही त्याच आठवड्यात उरकून टाका.